परतीची वही

नागवेकर अण्णांना तुम्ही तुमचं नाव सांगितलंत, तर ते चष्म्याच्या वरून असं बघत की आपण अर्धवट कपड्यांत घराबाहेर पडलोय की काय असं वाटावं. "नाव ठीक हाय," ते म्हणत. "नंबर?" नंबर सांगितला की ते डोळे मिटत, ओठ हलवत आणि तुमचंच नाव, वडिलांच्या नावासकट, तुम्हाला परत देत. जुळलं तर मान डोलावत. नाही जुळलं तर चूक तुमची.

रत्नागिरीला टेलिफोन ऑपरेटर म्हणून मी रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी मलाही नंबर विचारला.

"आमच्या घरी फोन नाही," मी म्हटलं.

"मग कुणाच्या नंबरावर येतेस?"

"म्हणजे?"

"अगो बाय, तुझं काय बरंवाईट झालं तर तुझ्या आईला कळवायचं कुठं?"

इचलकरंजीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलदुकान होतं, तिथे फोन होता. तो नंबर मी सांगितला. अण्णांनी एका जाड वहीत तो लिहिला. पुढे सायकलवाल्याचं नाव आणि त्याच्या खाली, जरा आत सरकवून, माझ्या आईचं. मग वही मिटून म्हणाले, "आता आलीस तू." नेमणुकीचं पत्र मी साहेबांना तासाभरापूर्वीच दिलं होतं. अण्णांच्या हिशेबी ते धरलेलं नव्हतं.

ते आमचे मॉनिटर. आम्ही ऑपरेटर बोर्डासमोर ओळीने बसायचो आणि आमच्या पाठीमागे उंच स्टुलावर अण्णा. सहा तास कानावर हेडसेट दाबून बसायचं, प्लग खुपसायचा, प्लग उपसायचा, मुंबई लागली की ओरडायचं, नाही लागली तरी ओरडायचं. ड्यूटी संपवून बाहेर पडलं की समुद्राचा आवाजसुद्धा खराब लाइनसारखा ऐकू यायचा. त्या थकव्यात मागून अण्णांचा शांत आवाज येई, "दोनशे अठरा उचलत नाय? शेजारी दोनशे चाळीसला लाव. खिडकीतून हाक मारतील." आणि खरोखरच खिडकीतून हाक मारली जाई.

बाजारातही तेच. एकदा मच्छीमार्केटात ते टोपल्यांच्या पलीकडून ओरडले, "एकशे बेचाळीस! सौंदाळे घेऊ नका, कालचे हायत!" गावातले मोठे डॉक्टर दचकून मागे वळले. सौंदाळेवाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मेल्या नागवेकरा, त्याला नंबर हाय. मी कोण?"

"तू तीनशे एकच्या मागची," अण्णा म्हणाले. "भाऊ दुबईला हाय ना तुझा? त्याने फोन केला तर तीनशे एकलाच येणार."

तिने कमरेवरचे हात काढले. पण सौंदाळे कालचेच होते.

आमच्यातल्या एकीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी मुंबईचा फोन नंबर दिला होता. अण्णांनी बोर्डावरून तो लावला आणि विचारलं, "ह्या नंबरावर कोण राहतं?" उत्तर आलं ते भलत्याच आडनावाचं. अण्णांनी मुलीच्या बापाला घरी जाऊन सांगितलं, "गेलेला रस्ता परत आला नाय." बापाची झोप उडाली. शेवटी कळलं की तो फोन खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा, निम्म्या मुंबईचा असतो तसा. लग्न झालं, पण त्या आधी नवऱ्यामुलाच्या काकांना आमच्या ऑफिसात बसवून शेजाऱ्यांचं पूर्ण नाव लिहून घेतलं गेलं.

गेलेला रस्ता परत आला पाहिजे. हे वाक्य अण्णा दिवसातून दहादा म्हणत. त्याचा अर्थ साधा होता. सरकारी डिरेक्टरीत नावावरून नंबर सापडतो. अण्णांचं म्हणणं, नंबरावरून नावही सापडलं पाहिजे, आणि दोन्हीकडून शोधलं तर एकाच घरी पोचलं पाहिजे. म्हणून त्यांनी ती जाड वही केली होती. तिला ते परतीची वही म्हणत. डावीकडे नंबर ओळीने, एकही न गाळता. उजवीकडे ज्याच्या घरात फोन आहे त्याचं नाव आणि त्याखाली त्या फोनवर विसंबून असलेली सगळी घरं. "३१४. किराणा दुकान. मागे अकरा घरं. तिसऱ्या घरात म्हातारीला कमी ऐकू येतं, सुनेशी बोलावं. पाचव्या घराशी दुकानदाराचं बोलणं नाही, निरोप शाळेतल्या बाईंमार्फत."

हे सगळं कशासाठी, तर इकडचे पुरुष बोटीवर किंवा मुंबईत. बोटीच्या कंपनीच्या फॉर्मवर 'संपर्क' म्हणून जी रेघ असते, तिच्यावर माणूस फक्त शेजारच्या दुकानाचा नंबर लिहून मोकळा होतो. पुढे काही झालं तर कंपनीच्या हातात उरतो तो नंबर. त्या नंबरापासून त्याच्या चुलीपर्यंतचा रस्ता कुठल्याच सरकारी पुस्तकात नव्हता. तो अण्णांच्या वहीत होता.

स्वतः अण्णांकडे फोन नव्हता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, खालच्या आळीत दोन खोल्या भाड्याने. "मला कोण फोन करणार?" ते म्हणत. "मी तर इथंच असतो."

आता माझ्याबद्दल एवढंच सांगायला हवं की आमच्या घरी दिवाळी अंकाच्या आधी पत्रक यायचं. वडील मागावर काम करायचे आणि युनियनची पत्रकं रात्रपाळीच्या डब्यातून आणायचे. मी त्यांवर वाचायला शिकले. त्यामुळे अण्णांची वही पहिल्यांदा नीट चाळली तेव्हा मला गहिवर आला नाही. माझ्या अंगावर काटा आला. अख्ख्या तालुक्यातला कोण कुणाच्या घरी बोलतो, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कुणाचा भाऊ कुठे आहे, सगळं एका वहीत, एका सरकारी कपाटात!

त्याच सुमारास आमचं एक्सचेंज ऑटोमॅटिक होणार असं ठरलं. बोर्ड जाणार, प्लग जाणार, नंबर सगळे बदलणार. लोक स्वतः नंबर फिरवणार आणि मधे माणूस नसणार. बोर्डावरच्या मुलींची काळजी वेगळी होती, बदल्यांची. अण्णांची काळजी एकच होती. "आता चुकीचा नंबर लागला तर मी मधे असतो. मशीन काय करणार? ज्याची घंटी वाजली त्याला देऊन मोकळं." बोटीच्या कंपन्यांकडे नंबर जुनेच राहणार होते. म्हणून जुना नंबर, नवा नंबर आणि घर अशा तीन रकान्यांची नवी वही करून ती चौकशीच्या टेबलावर ठेवावी, असा अर्ज त्यांनी वर पाठवला.

मी त्या अर्जाविरुद्ध पत्रक काढलं. सायक्लोस्टाइल, शंभर प्रती. मथळा होता, 'यादी कुणाच्या कपाटात?' त्यात मी लिहिलं की सगळ्या माणसांची यादी एका जागी असणं हाच धोका आहे, ती लिहिणारा कितीही सज्जन असला तरी. आज अण्णा आहेत, उद्या कोण येईल? आणीबाणी आपण एवढ्यात विसरलो काय? एक प्रत मी स्वतः अण्णांच्या स्टुलावर नेऊन ठेवली, कारण पाठीमागून लढायचं नाही हे घरचं वळण.

अण्णांनी ती चष्मा पुसून वाचली. "पोलिसांना माझी वही लागत नाय गो," ते म्हणाले. "त्यांना माणूस आधी सापडतो, नंबर मागाहून." बोर्डावरच्या सगळ्याजणी हसल्या. मी चिडून हेडसेट घातला.

तीन दिवस ते माझ्याशी नंबरांपलीकडे काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पत्रक चार घड्या करून खिशातून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने आकडेच आकडे.

"तुझं बरोबर हाय," ते म्हणाले. "वाटून टाकू."

नव्या एक्सचेंजात शहराबाहेरच्या सात गावांना प्रत्येकी शंभर नंबर मिळणार होते. अण्णांनी प्रत्येक शंभराला नाव दिलं कुणगा. भातशेतीच्या लहान तुकड्याला कोकणात कुणगा म्हणतात, चारी बाजूंनी बांध घातलेला. प्रत्येक गावाने आपला कुणगा आपण सांभाळायचा. गावातलाच एक विश्वासाचा माणूस, त्याच्याकडे त्याच्या शंभर नंबरांची वही. जन्म, मरण, भावकीची वाटणी, काहीही झालं की फेरफार त्याने करायचा, रत्नागिरीला विचारायचं नाही. आणि रत्नागिरीच्या टेबलावर एकच कागद. ह्या नंबरापासून त्या नंबरापर्यंत अमक्याला विचारा. बस. सात ओळी.

"पण मग तुमच्याकडे काय राहणार?" मी विचारलं.

"कुणाला विचारायचं ते. आणखी काय पाहिजे?"

हे माझ्याच पत्रकाचं तर्कशुद्ध टोक होतं. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. वरून अर्जाला उत्तर आलं नाही. नकारही आला नाही. अण्णांच्या मते ती परवानगीच होती.

मग आमचे रविवार एसटीत जायला लागले. आमचे म्हणजे माझेसुद्धा, कारण पत्रक काढणाऱ्याने पिशवी धरायची असा अण्णांचा न्याय होता. लाल माती नाकातोंडात, मांडीवर वह्यांची पिशवी आणि शेजारी अण्णा दर थांब्याला त्या गावचे नंबर पुटपुटत. आठवड्याचे सहा दिवस बोर्डावर बसून सातव्या दिवशी अशी पायपीट केली की क्रांतीसुद्धा सोमवारनंतर यावी असं वाटतं.

गणपतीपुळ्याला वही घेतली लॉजवाल्या घाणेकरांनी. फार उत्साहाने घेतली. तीन आठवड्यांनी तपासायला गेलो तर लॉजच्या नंबरापुढे आठ पानं भरलेली. सांगलीचे कुलकर्णी, साताऱ्याचे पवार, सहकुटुंब, मुलं दोन.

"हे कोण?" अण्णांचा आवाज चिरका झाला.

"तुम्हीच म्हणालात, नंबरामागे जो राहतो त्याचं नाव."

"राहतो, घाणेकर! उतरतो तो नाय!"

"पण पवार चार दिवस राहिले."

बराच वेळ वाद झाला. शेवटी यात्रेकरू खोडले गेले आणि आचाऱ्याचं नाव राहिलं, कारण तो मुक्कामाला होता.

सहा कुणगे असे लागले. सातवा लागेना. खाडीकाठचं एक गाव, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे प्रत्येक घराची खबर असलेली एकच व्यक्ती होती, द्वारकाकाकू. दुकान चालवायच्या. सुकी मच्छी, रॉकेल, वह्या, आणि कोपऱ्यात लाकडी पेटीत कुलूप लावलेला फोन. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला कोकम सरबत दिलं. अण्णांना दिलं नाही. अण्णा दाराबाहेर उन्हात उभे.

"काकू, आमचं काम असं आहे," मी सुरुवात केली.

"काम समजलं. दुसऱ्या गावचे सांगून गेले. त्या वहीला मी हात लावणार नाय."

"का पण?"

त्यांनी दाराकडे हनुवटी केली. "ह्या माणसाने मला एकदा विधवा केलीन."

मी अण्णांकडे बघितलं. ते खाडीकडे बघत होते.

"माझा घोव बोटीवर," काकू म्हणाल्या. "आमचा नंबर तेव्हा दोनशे सात. नवीनच मिळालेला. भर दुपारी ह्यांचा फोन. म्हणतात, काकू, धीर धरा, मुंबईहून निरोप हाय, दोनशे सातचा बोटीवरचा माणूस गेला. मी बांगड्या फोडल्या बाय. सगळं गाव जमलं. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या घोवाचा फोन, मुंबईला उतरलोय, सुके बोंबील पाठव!"

"मग गेलं कोण होतं?"

"वरच्या आळीतला गणू. तिथं लाकडाची वखार होती, दोनशे सात आधी वखारीचा. वखार बुडाली, नंबर मला दिला. गणूने फॉर्मवर तोच लिवलेला. त्याची बायको तीन दिवस माझ्याकडे पेज करून आणत होती बाय. माझं दुःख बघून रडत होती." काकूंनी पेला उचलून आत ठेवला. "आता सांगा वहीचं."

परतीच्या एसटीत अण्णा आपण होऊन बोलले. "लाइन तुटली. नाव यायच्या आधी तुटली. मी थांबायला पाहिजे होतं, ते परत लावणारच होते. पण मला वाटलं, वाईट बातमी उशिरा पोचली तर माणसाला बोल लागतो. घाई केली." पुढच्या थांब्याला म्हणाले, "वही त्यानंतर सुरू केली."

दुसऱ्या वेळी काकूंनी आम्हाला दुकानात येऊच दिलं नाही. एक्सचेंज बदलायला आठवडा उरला. सातवी ओळ कोरी. अण्णा त्याच महिन्याअखेर निवृत्त होणार होते. "तिथल्या घरांपर्यंतचा रस्ता माझ्यापाशी संपतो," ते म्हणाले. "मी गेलो की शंभर नंबर अनाथ. आणि सगळ्यात जास्त बोटीवरची माणसं त्याच गावची."

"दुसऱ्या कुणाला देऊ. सरपंच आहे," मी म्हटलं.

"सरपंचाला वरची आळी ठाऊक नाय. ज्याला ठाऊक नाय त्याचं नाव लिवून ठेवायचं, म्हणजे मी परत दोनशे सात करायचं."

तिसऱ्या वेळी बोलणं मी अंगावर घेतलं. दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी लोकांच्या माहितीवर लोकांचीच मालकी कशी हवी ते सांगितलं. सत्ता खाली कशी झिरपली पाहिजे तेही सांगितलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं. "झालं?" त्या म्हणाल्या. "मग सर जरा. रॉकेलवाल्यांना वाट दे."

अण्णांनी वही फळीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. गिऱ्हाइकं गेली. काकू फळी पुसत वहीपर्यंत आल्या आणि थांबल्या. हात लागला असं होऊ नये म्हणून फडक्याने पान उघडलं. जुन्या नंबरांच्या रकान्यात बोट न टेकवता खाली खाली गेल्या.

दोनशे सातच्या पुढे अण्णांनी वखारीचं नाव लिहिलं होतं, मग काकूंचं, मग गणूच्या घराचं. आणि खाली, "नाव कळण्याआधी निरोप दिला. दोन दिवस दोन्ही घरं चुकीच्या दुःखात राहिली. चूक माझी. शं. भि. नागवेकर."

दुकानात माशा घोंगावत होत्या. काकूंनी ते दोनदा वाचलं.

"दोन नाय," त्या म्हणाल्या. "तीन."

"मंगळवारी दुपारी ते गुरुवारी..." अण्णा चाचरले.

"गुरुवार धरायचा नाय काय? गुरुवारी फोन आला तेव्हा दिवस मावळत होता." गल्ल्यातून पेन्सिलीचा तुकडा काढून त्यांनी दोन खोडलं आणि तीन लिहिलं. मग बोट पुढच्या ओळीवर गेलं. "आणि हे काय? पारकरांची सून गेल्या शिमग्यापासून वेगळी राहते. हा म्हातारा तर गेला. आणि हे 'वडाजवळ' कुणी सांगितलं तुम्हाला? वड कधीचा पडला!"

"लिवा," अण्णा म्हणाले. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे हात बांधून ते उभे होते. "सगळं लिवा."

निघताना काकूंनी अण्णांना सरबत दिलं नाही. पण वहीही परत दिली नाही.

एक्सचेंज बदललं. भाषण झालं, नारळ फुटला, पेढे वाटले. बोर्डावरचे प्लग एकेक करून उपसले आणि खोली एकदम गप्प झाली. मला चौकशीच्या टेबलावर बसवलं होतं. माझ्यासमोर सात ओळींचा कागद. अण्णांचे नोकरीचे शेवटचे दोन दिवस होते. ते आपल्या स्टुलावर बसून मेलेल्या बोर्डाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून एका बोटीच्या कंपनीतल्या कारकुनाचा फोन आला. त्यांचा एक माणूस बोटीवरून उतरवून इस्पितळात ठेवला होता, ऑपरेशन करायचं होतं, घरचं कुणी हवं होतं. फॉर्मवर नंबर तेवढा होता. रत्नागिरी दोनशे सात.

मी अण्णांकडे बघितलं. ते स्टुलावरून उतरून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, पण फोनला हात लावला नाही. मी कागद बघितला. सातवी ओळ. द्वारकाकाकूंना लावला.

"काकू, जुना दोनशे सात. माणूस आजारी आहे, मुंबईला..."

"नाव?"

"ते अजून विचारलं नाही, पण..."

"आधी नाव घे. बापाचं नाव घे. बोटीचं नाव घे. मग मला सांग. तोवर मी दुकानातून हलणार नाय."

मी पुन्हा मुंबई धरली. कारकून वैतागला. फाइल शोधायला गेला. दहा मिनिटं लाइनीत नुसता गुरगुराट. माझ्या खुर्चीची पाठ अण्णांनी इतकी घट्ट धरली होती की ती कुरकुरत होती. शेवटी नाव आलं, बापाचं आलं, बोटीचं आलं. काकूंना सांगितलं.

"गणूचा भाचा," त्या म्हणाल्या. "वरची आळी. मी स्वतः जाते." आणि रिसीव्हर तसाच फळीवर टाकून गेल्या. दुकानातल्या माशा मला बराच वेळ ऐकू येत होत्या.

संध्याकाळच्या एसटीने त्याचा भाऊ मुंबईला निघाला. ऑपरेशन वेळेत झालं. हे कळलं तेव्हा अण्णा "बरं" एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता.

निवृत्तीनंतर त्यांना खात्याकडून घरी फोन मिळाला. मी एकदा बघायला गेले. टेबलावर भरतकाम केलेलं जुनं फडकं, त्यावर फोन. चौकशीला लोकांचे फोन माझ्याकडे यायचे, मी कागद बघायची, गावाला विचारायची आणि उत्तर द्यायची. अण्णांना विचारायची वेळ कधी आली नाही. तसंच व्हायला हवं होतं. माझ्या पत्रकाच्या बाजूने बघितलं तर सगळं बिनचूक झालं होतं. फक्त सगळं वाटून टाकणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं, त्यावर पत्रकात एक ओळही नव्हती. असल्या गोष्टी पत्रकात बसत नाहीत असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, मी बसवायचा प्रयत्नच केला नव्हता.

पाचसहा महिन्यांनी द्वारकाकाकू दुकानाच्या मालासाठी रत्नागिरीला आल्या आणि चौकशीच्या खिडकीशी येऊन टेकल्या. लाइन खरखरते अशी तक्रार होती. मी ती लिहून घेतली. पण त्यांची नजर सारखी घड्याळाकडे.

"घाई आहे काय?"

"तीनची गाडी पकडायची. चारला नागवेकराचा फोन येतो."

"अण्णांचा? कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? परीक्षा घेतो. रोज. हा नंबर कुणाचा, तो कुणाचा. सातही गावांना करतो, घाणेकर सांगत होते. त्याला सगळं पाठ हाय गो."

"मग तुम्ही सांगता?"

"आधी सगळं बरोबर सांगायची. बरोबर सांगितलं की 'बरं' म्हणतो आणि ठेवतो. मिनिटात संपतं." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणून आता रोज एक चुकीचं सांगते."

"म्हणजे मुद्दाम?"

"मग काय! असा ओरडतो, असा ओरडतो. पार आजोबा-पणजोबांपर्यंत जाऊन मला समजावतो. दम लागला की जरा थांबतो, तेवढ्यात मी विचारून घेते, जेवलात काय, खोकला कसा हाय, ताप उतरला काय." त्या जायला वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "आज शाळेच्या नंबरावर न्हाव्याचं नाव सांगणाराय. अर्धा तास तरी जाईल."